भरलेली नोंदवही आणि हरवलेला रानपिंगळा

‘पोकेमॉन लेजेंड्स : आर्सियस’ हा व्हिडिओ गेम दोनदा संपतो. पहिल्यांदा कथानक संपते, आकाशाला पडलेली भेग बुजते आणि पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते. परंतु हातातील नोंदवही चाळणाऱ्या खेळाडूच्या लक्षात येते, की हा काही खरा शेवट नव्हे. वहीत अजून रिकाम्या जागा आहेत. खेळाच्या आरंभी मिळालेली आज्ञा एकच होती : सर्व पोकेमॉन शोधून काढ. ती पुरी होईपर्यंत ज्याच्या नावाने हा खेळ ओळखला जातो, त्या आर्सियसचे दर्शन घडत नाही. मग आणखी कित्येक संध्याकाळी गवत तुडवण्यात, बर्फाळ कडे चढण्यात आणि रात्री-अपरात्री बाहेर पडणाऱ्या एखाद्या जीवाची वाट पाहण्यात जातात. अखेर शेवटची जागा भरते. मनात समाधान दाटते आणि त्यापाठोपाठ एक शंकाही डोकावते. खऱ्या जगातील कोणती नोंदवही अशी पूर्ण भरली आहे?

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ते खान्देशात, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडते. येथील एका लहानशा पक्ष्याची जागा नोंदवहीत तब्बल ११३ वर्षे रिकामी राहिली होती. ती तशी राहण्यामागे पक्ष्याचे दुर्मीळपण जितके होते, तितकाच माणसाचा खोटेपणाही होता. जपानी खेळ आणि खान्देशी पक्षी यांचा वरवर काहीच संबंध नाही. तथापि खेळ पुरा करून उठलेल्या माणसाला पक्ष्याची हकिगत सांगितली, तर ती त्याला ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही.

कीटक गोळा करणारा मुलगा

जळगाव-धुळ्यातील आजच्या तिशीतील तरुणांना पोकेमॉन हे नाव नवे नाही. २००३ मध्ये कार्टून नेटवर्क वाहिनीवर ही मालिका हिंदीतून दिसू लागली आणि शाळा सुटल्यावर घर गाठण्याची घाई बच्चेकंपनीला होऊ लागली. पिवळ्या पिकाचूची चित्रे दप्तरांवर आली, कंपासपेट्यांवर आली. खाऊच्या पुड्यांतून निघणाऱ्या चकत्यांची मधल्या सुट्टीत देवघेव होऊ लागली. पुढे जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ जगात अवतरला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने तो अधिकृतपणे भारतात आला. त्यामुळे खेळयंत्र घरात नसलेल्यांनाही पोकेमॉन पकडणे म्हणजे काय, हे कळले.

या साऱ्याचा उगम मात्र दूरचित्रवाणीत नाही. १९६५ मध्ये जन्मलेल्या सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोलगतच्या माचिदा या गावात गेले. शेते, डबकी, झाडी यांत रमणाऱ्या या मुलाला किडे गोळा करण्याचा इतका नाद होता, की सोबती त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणून चिडवीत. तो मोठा होत गेला तशी डबकी बुजली, झाडी तुटली आणि त्या जागी इमारती व रस्ते आले. किडे दिसेनासे झाले. आपल्याला जो आनंद मिळाला तो शहरातल्या मुलांना कसा मिळावा, या विचारातून ‘पॉकेट मॉन्स्टर’, म्हणजे खिशात मावणाऱ्या अद्भुत प्राण्यांची कल्पना आकाराला आली. ‘गेम बॉय’ ही दोन हातयंत्रे एका तारेने जोडता येत. त्या तारेवरून एक किडा इकडून तिकडे चालत जात आहे, असे चित्र ताजिरींच्या मनात उमटले, असे सांगितले जाते.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ असे दोन खेळ एकाच वेळी विक्रीस आले. त्यातील मेख अशी, की काही प्राणी एकात होते तर काही दुसऱ्यात. संग्रह पूर्ण करायचा तर मित्राशी अदलाबदल करणे भाग होते. त्या वेळी प्राण्यांची संख्या १५१ होती. आज ती हजाराच्या पुढे गेली आहे. मालिकेतील बहुतेक खेळांचा साचा मात्र ठरीव राहिला. एका मुलाने घर सोडायचे, प्राणी पकडायचे, त्यांना झुंजवायचे आणि अजिंक्यपद मिळवायचे. या धावपळीत नोंदवही मागे पडत गेली. ‘पोकेडेक्स’ नावाचे ते यंत्र प्राणी पकडला की आपोआप भरत असे. त्यात खेळाडूने स्वतः काही पाहावे, ताडावे, लिहावे, अशी अपेक्षा नव्हती.

गवतात दबा धरून

२८ जानेवारी २०२२ रोजी आलेल्या ‘लेजेंड्स : आर्सियस’ने हा साचा मोडला. काळ कित्येक पिढ्या मागे नेला. ‘हिसुई’ हा प्रदेश जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर बेतलेला आहे. तेथे माणसांची एक नवी वसाहत नुकतीच उभी राहिली आहे आणि वसाहतीतील लोक पोकेमॉनना घाबरून आहेत. कुंपणाबाहेर पाऊल टाकण्यास ते धजत नाहीत. अशा ठिकाणी आकाशातून येऊन पडलेला पोरसवदा नायक पाहणी पथकात भरती होतो. प्राध्यापक लॅव्हेंटन यांना या प्रदेशातील प्राण्यांची पहिली नोंदवही सिद्ध करायची आहे. तीत २४२ प्राण्यांना जागा आहे आणि ती कागदाची आहे.

येथे प्राणी पकडला म्हणजे नोंद झाली, असे होत नाही. प्रत्येकाच्या पानावर कामांची यादी असते. तो दिवसा पकडला की रात्री, त्याला न कळत पकडला का, त्याने खाऊ खाल्ला का, तो अमुक डाव टाकताना किती वेळा पाहिला, याच्या मोजणीतून पान भरत जाते. काही प्राणी चाहूल लागताच पळतात, तर काही थेट अंगावर धावून येतात. म्हणून गवतात बसून, वाऱ्या-पावसाचा अंदाज घेत, पावलांचा आवाज होऊ न देता पुढे सरकावे लागते. आधीच्या खेळांत झुंजणारे होते ते प्राणी; येथे जिवाची भीती खुद्द खेळाडूला वाटते. खेळ पुरा केल्यावर मनात रेंगाळतो तो हा दबा धरून बसण्याचा अनुभव. एखाद्या पाणथळीकाठी काही क्षण काहीच घडत नाही आणि मग शेवाळलेल्या खडकामागून कोणीतरी बाहेर येते. या मालिकेला पंचवीस वर्षांनी आपल्या जन्मदात्याच्या बालपणाची आठवण झाली असावी, असे त्या क्षणी वाटते.

उणिवाही आहेत. विस्तीर्ण भूप्रदेश बऱ्याच ठिकाणी ओकाबोका वाटतो. दूरचे डोंगर आणि झाडे यांचे रेखाटन त्या काळच्या इतर मोठ्या खेळांच्या तुलनेत कच्चे आहे. पात्रे बोलतात ती केवळ अक्षरांतून. पानाच्या पूर्ततेसाठी तीच ती कृती वीस-वीस वेळा करणे उत्तरार्धात कंटाळवाणे होते. खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही, आणि यंत्रासह त्याचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला विचार करायला लावणारा आहे. कथेतील एक प्रसंग मात्र लक्षात राहतो. आकाश लाल होताच वसाहतीचा प्रमुख संशयाने या परक्या मुलालाच गावाबाहेर काढतो. ज्याने गावासाठी इतकी पाने भरली, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न उभा राहतो. नोंदवहीचा सारा डोलारा अखेर नोंद करणाऱ्याच्या शब्दावर उभा असतो, हे खेळाने नकळत सांगून टाकले आहे.

आरंभी प्राध्यापक तीन पोकेमॉनपैकी एक निवडायला सांगतात. त्यांतला एक आहे ‘राउलेट’, गोल डोळ्यांचा, पानांचा गळपट्टा बांधलेला चिमुकला पिंगळा. दिवसा ऊन पिऊन बळ साठवायचे आणि रात्री निःशब्द उडायचे, ही त्याची रीत. खान्देशातील हकिगतही एका चिमुकल्या पिंगळ्याचीच आहे. फरक इतकाच, की तो दिवसा वावरतो.

पश्चिम खान्देशची यादी

शिमल्यात राहणारे ब्रिटिश अधिकारी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला परिचित आहे. पक्षिशास्त्रात त्यांचा अधिकार त्याहून जुना होता. देशभरातील अधिकारी त्यांना पक्ष्यांचे नमुने पाठवीत आणि ‘स्ट्रे फेदर्स’ या त्यांच्या नियतकालिकातून नोंदी प्रसिद्ध होत. डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक अनोळखी पिंगळा मिळाला. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पाठवणाऱ्याचे नाव त्या जातीला दिले. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो.

त्यानंतर काही वर्षांनी आजच्या ओडिशातील खरियार भागात व्हॅलेंटाइन बॉल यांना आणखी एक पक्षी मिळाला. मग हा रानपिंगळा एकदम पश्चिमेकडे, खान्देशात दिसला. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन तेव्हा येथे नेमणुकीस होते. शहादा, तळोदा या पट्ट्यात फिरताना त्यांनी पक्ष्यांची टिपणे ठेवली आणि १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये पश्चिम खान्देशातील पक्ष्यांची एक कच्ची यादी प्रसिद्ध केली. आपल्या भागाची ही एक जुनी नोंदवहीच म्हणायला हवी. त्याच सुमारास त्यांनी या परिसरातून रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. त्या काळी नमुना मिळवणे म्हणजे पक्षी बंदुकीने टिपणे, कातडे सोलून त्यात कापूस भरणे आणि पायाला चिठ्ठी बांधणे. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव असे. खेळात पकडलेला प्राणी चेंडूत सुखरूप राहतो. येथे एका नोंदीची किंमत एक जीव होती.

१८८४ नंतर रानपिंगळ्याची एकही विश्वसनीय नोंद झाली नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघी सात कातडी उरली. ह्यूम यांची कथाही करुण आहे. त्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेली पक्ष्यांवरची हस्तलिखिते घरातून चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. हताश होऊन त्यांनी आपला सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. शंभर तास खेळून साठवलेला डाव एका क्षणात पुसला जाण्याचे दुःख ज्या मुलांनी अनुभवले आहे, त्यांना ह्यूम यांची अवस्था थोडीफार उमगू शकेल.

खोटी चिठ्ठी

एका कातड्याची गोष्ट मात्र निराळी होती. ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होते. गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ मध्ये हा पक्षी आपण टिपला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. कर्नलचे नाव मोठे. त्याचा संग्रह हजारो नमुन्यांचा. त्याच्या शब्दावर संशय घेण्याचे कोणाला कारण वाटले नाही. परिणामी, रानपिंगळा अखेरचा दिसला तो १९१४ साली आणि मांडवीस, असे ग्रंथांत नमूद झाले. त्याच्या शोधार्थ निघणाऱ्यांची पावले चुकीच्या दिशेला वळली. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांचेही प्रयत्न निष्फळ ठरले. हा पक्षी नामशेष झाला असावा, असे मत बळावत गेले.

शंकेची पाल चुकचुकली ती फार उशिरा. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी कर्नलच्या संग्रहातील काही वेगळ्याच पक्ष्यांच्या चिठ्ठ्या बनावट असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी मग रानपिंगळ्याचे ते कातडे तपासायला घेतले. भरणाची पद्धत, शिवण, क्ष-किरण छायाचित्रे यांची त्यांनी इतर नमुन्यांशी ताडणी केली. प्रत्येक टिपणाऱ्याची कातडे भरण्याची हातोटी वेगळी असते, जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे. या कातड्यावर कर्नलचा वरवरचा हात फिरलेला होता, पण आत डेव्हिडसनची हातोटी स्पष्ट दिसत होती. अर्थ उघड होता. खान्देशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटे ठिकाण आणि खोटी तारीख चिकटवण्यात आली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हा प्रकार पुराव्यांनिशी मांडला.

‘पोकेमॉन गो’ खेळणाऱ्यांना हा प्रकार वेगळ्या नावाने ठाऊक असेल. घरात पलंगावर लोळत असताना मोबाइलला आपण दूरच्या शहरात आहोत असे भासवायचे आणि तेथला दुर्मीळ प्राणी पदरात पाडून घ्यायचा, याला ‘स्पूफिंग’ म्हणतात. खेळात ती लबाडी ठरते आणि पकडली गेल्यास खाते बंद होऊ शकते. नुकसान फार तर सोबत्यांच्या उत्साहाचे होते. कर्नलने केले तेही हेच. न गेलेल्या ठिकाणी गेल्याचे भासवले. मात्र त्याचा परिणाम एका खऱ्या पक्ष्याला भोगावा लागला. चुकीच्या जागी शोध चालू असताना त्याच्या खऱ्या घरातील सागाची झाडी तुटत होती आणि तेथे कोणी पाहायला जात नव्हते.

निष्पर्ण झाडावर, सकाळच्या उन्हात

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांची कातडी आणि त्यांच्यावरची ठिकाणे उरली. पूर्वेला छत्तीसगड-ओडिशा, पश्चिमेला खान्देश. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे त्या ठिकाणांच्या शोधात भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडची ठिकाणे पालथी घातली. हाती काही लागले नाही. मग ते खान्देशात शहाद्याजवळच्या जंगलात उतरले. तेथे एका सकाळी, स्वच्छ उन्हात, निष्पर्ण झाडावर एक लहान पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, छाती गडद तपकिरी, पाय जाड आणि पिसांनी झाकलेले, शेपटीवर रुंद पट्टे. डेव्हिडसनची कातडी डोळ्यांखालून घातलेल्या रासमुसेन यांना ओळख पटायला वेळ लागला नाही. ज्याच्या आवाजाची नोंद कोणाकडेच नव्हती, तो पक्षी जिवंत समोर बसला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पक्षी हरवला होता तो ग्रंथांतून. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारा हा पक्षी त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्ल-पावरा कुटुंबांच्या दृष्टीस कधी पडलाच नसेल, असे मानणे कठीण आहे. हिसुईतही असेच आहे. पाहणी पथक ‘पहिली’ नोंदवही सिद्ध करते. परंतु ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या तेथल्या जुन्या कुळांना त्या प्राण्यांच्या सवयी, त्यांचे रुसवे-फुगवे आधीपासून माहीत असतात. खेळाडूला वेळोवेळी त्यांच्याच दाराशी जावे लागते. कोणाची नोंद खरी धरली जाते आणि कोणाची विचारातही घेतली जात नाही, हा प्रश्न खेळ पुरेसा खोलात जाऊन हाताळत नाही. पण तो तेथे आहे, हे नाकारता येत नाही.

पुनर्शोधानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी या पक्ष्याचा अभ्यास हाती घेतला. तो दिवसा सक्रिय असतो, सरडे, उंदीर आणि कीटक यांवर जगतो, झाडांच्या ढोलीत घरटे करतो, शेपूट डावी-उजवीकडे झटकतो, अशी माहिती जमत गेली. एकेक काम पुरे होत पान भरावे, तसेच हे. तोरणमाळ व तळोदा परिसर, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा-बऱ्हाणपूरकडील जंगले, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य अशी ठिकाणे यादीत येत गेली. २०१४ मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले. ही सुधारणा पक्षी वाढल्याने झाली, त्यापेक्षा तो अधिक ठिकाणी सापडल्याने झाली, हे विसरता कामा नये. वृक्षतोड, जंगलात सरकणारी शेती, उंदीर मारण्यासाठी टाकलेले विष आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांची टांगती तलवार त्याच्यावर आजही आहे.

रिकामी जागा प्रामाणिकपणे ठेवावी

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘लेजेंड्स’ नावाने दुसरा खेळ आला, ‘लेजेंड्स : झेड-ए’. तो एकाच शहरात घडतो. ‘ल्युमिओस’ हे ते शहर पॅरिसवर बेतलेले आहे. तेथे पुनर्विकासाची योजना राबवली जात आहे आणि शहराच्या पोटातच पोकेमॉनसाठी राखीव जागा आखल्या जात आहेत. जसजसा खेळ पुढे सरकतो तसतशा त्या वाढतात आणि रहिवाशांची कुरकुरही वाढते. पहिल्या खेळात गवतात दबा धरण्याची जी मजा होती, ती येथे गल्ल्यांत आणि छपरांवर विखुरली आहे. लढती मात्र अधिक चपळ झाल्या आहेत. या खेळाला पडलेला प्रश्न आपल्यालाही परका नाही. माणूस आणि प्राणी यांनी एकाच गावात राहायचे कसे? पहिल्या खेळात प्राण्यांना घाबरून कुंपणाआड बसलेली माणसे होती. दुसऱ्यात कुंपणे प्राण्यांभोवती आली आहेत. ताजिरींच्या माचिदापासून निघालेली मालिका फिरून पुन्हा इमारतींपाशीच येऊन ठेपली, असे म्हणता येईल.

हे दोन्ही खेळ संपवल्यावर खेळाडूच्या हाती काय उरते? एक सवय उरू शकते, थांबून पाहण्याची. जळगावकराला त्यासाठी मेहरूण तलावाचा काठ आहे, भुसावळजवळ हतनूरचे जलाशय आहे. धुळेकराला नकाणे तलाव आणि लळिंगचे कुरण आहे. जुन्या वडाच्या ढोलीतला साधा ठिपकेवाला पिंगळा तर गावाच्या वेशीवरही भेटतो. बंदुकीची गरज कधीच संपली आहे. मोबाइलवरच्या ‘ई-बर्ड’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’ यांसारख्या सोयींतून ठिकाण, तारीख, वेळ आणि छायाचित्र यांसह नोंद करता येते, आणि इतर जाणकार ती तपासतात. खेळातल्याप्रमाणे येथेही यादी वाढत जाते. ती वाढवण्याचा मोहही तसाच वाढत जातो. न पाहिलेला पक्षी पाहिल्याचे लिहावे, कालचे ठिकाण आजचे म्हणून द्यावे, अंधुक छायाचित्राला दुर्मीळ नाव द्यावे, असे वाटण्याचे क्षण येतात.

अशा वेळी खेळ आणि जंगल यांतील भेद आठवावा. खेळातील नोंदवही भरणारच, कारण प्राणी तेथे ठेवलेले आहेत आणि यंत्र खोटे बोलत नाही. जंगलातील नोंदवही कदाचित कधीच भरणार नाही. तिचे मोल भरलेल्या पानांइतकेच प्रामाणिकपणे रिकाम्या ठेवलेल्या पानांतही असते. ‘शोधला, पण दिसला नाही’ असे कोणी मांडवीपुढे खरेपणाने लिहिले असते, तर कदाचित खान्देशाची आठवण बरीच आधी झाली असती.

डेव्हिडसनने यादी केली तेव्हा सारा खान्देश एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. आठ महिन्यांच्या आत, १ जुलै १९९८ रोजी, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. चिठ्ठीवरील जिल्ह्याचे नाव असे वरचेवर बदलत गेले. तरीही डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर लिहिलेले ठिकाण खरे होते, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी त्याच रानात जाऊन कोणाला त्या पक्ष्याची गाठ घेता आली.